शाळेतल्या पोरांना आमदारांच्या भेटीला नेताय? मग आधी हे वाचा

सगळ्यात आधी एक ठरवून टाका, ही भेट पोरांची आहे की शाळेची. दोन्ही एकदम जमत नाही. शाळेची असेल तर मुख्याध्यापक बुके देणार, संस्थेचे अध्यक्ष शाल घालणार, आमदार पंधरा मिनिटं मार्गदर्शन करणार, फोटो होणार आणि पोरं मागे उभी राहून टाळ्या वाजवणार. त्यात वाईट काही नाही पण त्यासाठी अख्खा वर्ग बसमधे घालून न्यायची काहीच गरज नाही, दोन जण जाऊन येऊ शकतात. पोरांची असेल तर मग सोबत जाणाऱ्या शिक्षकाचं किंवा पालकाचं निम्मं काम पोरांना सांभाळणं आणि निम्मं काम मोठ्यांना आवरणं हे आहे, आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त जड जातं.

आता कोणाकडे जायचं. "आपले आमदार" म्हणताना आपण गृहीत धरतो की सगळ्या वर्गाचे एकच आमदार असतील, पण शहरात तर एकाच बाकावरची दोन पोरं वेगवेगळ्या विधानसभा मतदारसंघातली निघतात. विधानसभेत २८८ मतदारसंघ आहेत, आपला कुठला हे पोरांनाच शोधायला लावा, घरच्या मोठ्यांचं मतदार ओळखपत्र घेऊन निवडणूक आयोगाच्या साइटवर बघितलं की लगेच कळतं, आणि यातून बऱ्याच घरांत "अरे आपलं नाव यादीत आहे का" ही चर्चा पण होते ती बोनस. बारावीची पोरं असतील तर त्यांना सांगा की सतरा पूर्ण झाल्यावर नावनोंदणीचा अर्ज आधीच भरून ठेवता येतो.

शाळेकडून हमखास एक सूचना येते की आपले शिक्षक आमदार ओळखीचे आहेत, त्यांच्याकडेच जाऊ. ओळखीने काम पटकन होतं हे खरंय. पण शिक्षक आमदार विधानसभेचे नाही, विधान परिषदेचे असतात, तिथल्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघाच्या आणि तिथे मत शिक्षकच देतात. म्हणजे शिक्षक आमदारांना पोरांच्या आईबापांनी मत दिलेलंच नसतं (आईबाप शिक्षक असतील तर गोष्ट वेगळी), त्यांना सरांनी आणि मॅडमनी निवडून दिलेलं असतं. तिथे जायचंच असेल तर जा पण पोरांना हा फरक सांगून न्या, नाहीतर "तुम्ही आमच्या गावासाठी काय केलं" या प्रश्नावर दोन्ही बाजू गोंधळतात. पाचवी-सहावीची पोरं असतील तर माझं मत विचाराल तर आमदार-खासदार सोडा, नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्याकडे न्या, त्या वयाच्या पोरांचे प्रश्न बहुतेक रस्ता, पाणी, कचरा, मैदान असेच असतात आणि ती कामं तिथेच होतात.

दुसरा प्रश्न, ऑफिसात भेटायचं की विधानभवनात. विधानभवन म्हटलं की पोरं उड्या मारतात, आणि बघण्यासारखं आहेच ते, पण अधिवेशन चालू असताना आमदारांना धड पाच मिनिटं मिळत नाहीत, लॉबीत उभ्या उभ्या हात हलवतात आणि घंटा वाजली की पळतात. बोलायचं असेल तर मतदारसंघातलं संपर्क कार्यालय, बघायचं असेल तर विधानभवन, दोन्ही हवं असेल तर दोन वेगळ्या दिवशी. आणि कार्यालयात जाल तेव्हा वेळेच्या अर्धा तास आधी पोचा आणि बाहेर बसलेली माणसं पोरांना शांतपणे बघू दे. कोणाला दवाखान्यासाठी पत्र हवंय, कोणाचं रेशन कार्ड अडलंय, कोणी शेतातल्या वाटेच्या भांडणाचे कागद घेऊन आलंय. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आमदाराचं काम म्हणजे कायदे करणं असं लिहिलेलं असतं आणि इथे वेगळंच चाललेलं असतं, हे पोरांच्या लगेच लक्षात येतं. फक्त कोणाच्या कागदात डोकावायचं नाही आणि कोणाला "तुमचं काय झालं" विचारायचं नाही हे आधी सांगून ठेवा.

तारीख धरताना अधिवेशनं डोक्यात ठेवा. अर्थसंकल्पी अधिवेशन साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आणि पावसाळी जून-जुलैच्या सुमारास मुंबईत, हिवाळी डिसेंबरात नागपूरला. त्या काळात आमदार मतदारसंघात सापडले तर शनिवार-रविवारीच. आणि आचारसंहिता लागलेली असेल तर भेट पुढे ढकलाच, मग ती निवडणूक विधानसभेची असो की नगरपालिकेची, युनिफॉर्ममधल्या पोरांसोबत उमेदवाराचा फोटो फिरला तर उत्तरं शाळेला द्यावी लागतात.

अपॉइंटमेंटसाठी शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि त्यात फक्त एवढं लिहा, कितवीची पोरं, किती जण, सोबत मोठे किती, किती वेळ हवा (अर्धा तास मागा, वीस मिनिटं मिळतील), आणि पोरं प्रश्न विचारणार आहेत हे स्पष्ट लिहा. "मार्गदर्शन करावे ही विनंती" हे वाक्य सवयीने लिहिलं जातं ते खोडा, ते लिहिलं की भाषणच मिळतं, मग तक्रार करू नका. पत्र दिल्यावर खरं काम पीएच्या हातात असतं. पीएचा नंबर घ्या, आठवडाभर आधी फोन, आदल्या दिवशी फोन, निघताना फोन. पीए "या ना सर, कधीही या" म्हणाले तर ती अपॉइंटमेंट नव्हे, तारीख आणि वेळ बोलून घ्या आणि व्हॉट्सॲपवर टाकून ठेवा. ओळखीच्या कार्यकर्त्यामार्फत वेळ घेऊ नका असं मी सांगेन, वेळ पटकन मिळते पण मग तो माणूस दिवसभर तुमच्यासोबत फिरतो आणि पोरांना रांगेत उभं करून घोषणा द्यायला शिकवतो.

पालकांच्या ग्रुपवर कोणीतरी विचारणारच की शाळा अमुक पक्षाचा प्रचार करतेय का. त्याचं उत्तर आधीच नोटिशीत घाला, की आपण मतदारसंघाच्या लोकप्रतिनिधीला भेटतोय, कुठल्या पक्षाच्या नेत्याला नाही. दरवर्षी जात असाल तर एक वर्ष सत्तेतले, एक वर्ष विरोधातले असं करता आलं तर उत्तम, पोरांना पण कळतं की एकच प्रश्न दोन खुर्च्यांवरून कसा वेगळा दिसतो.

परवानगीचं थोडक्यात. शाळेच्या वरच्या कार्यालयाला कळवणं, पालकांची लेखी संमती, मुली असतील तर सोबत बाई शिक्षक, दहा पोरांमागे एक मोठा माणूस, प्रत्येकाकडे आपल्या दहा जणांची नावं आणि घरचे नंबर कागदावर, मोबाइलमधे नाही कारण मोबाइल गेटवर जमा होऊ शकतो. फोटोसाठी वेगळी सही घ्या. सहलीला संमती म्हणजे फोटोला संमती नाही, आणि हा फोटो शाळेच्या भिंतीवर नाही तर आमदारांच्या सोशल मीडियावर जाणार, हजारो लोक बघणार, हे पालकांना स्पष्ट शब्दांत सांगा. ज्यांचा नकार आहे त्या पोरांना फोटोच्या वेळी पाणी प्यायला किंवा बॅगा सांभाळायला बाजूला घ्या, सगळ्यांसमोर "तू बाहेर हो" म्हणू नका.

आता प्रश्न. भेट चांगली होणार की फुकट जाणार हे नव्वद टक्के इथेच ठरतं म्हणून यावर सगळ्यात जास्त वेळ घाला. प्रश्न पोरांनीच काढायचे. शिक्षकांनी लिहून दिलेला प्रश्न लगेच ओळखू येतो, त्यात "सर्वांगीण विकास" असतो आणि विचारणाऱ्याचं लक्ष उत्तराकडे नसून पुढची ओळ आठवण्याकडे असतं. वर्गात एक तास द्या, प्रत्येकाने चिठ्ठीवर एक प्रश्न लिहायचा, नाव नको. मग ढीग करायचे. हा प्रश्न कोणाचा? रेल्वे फाटक, पोस्ट ऑफिस, पासपोर्ट हे केंद्राचं, म्हणजे खासदारांकडे. पोलीस, शेती, सरकारी दवाखाना, एसटी हे राज्याचं, आमदारांना विचारा. नळाला पाणी, गल्लीतला दिवा, कचऱ्याची गाडी हे ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचं. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहे म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचं, त्यावर कोणालाही धरा. केंद्रसूची, राज्यसूची, समवर्ती सूची पाठ करून पोरं परीक्षा देऊन विसरतात पण एकदा स्वतःच्या प्रश्नाची चिठ्ठी हातात घेऊन "हे कोणाचं" असं भांडली की विसरत नाहीत. ज्या चिठ्ठ्या आमदारांच्या ढिगात आल्या नाहीत त्या फेकू नका, त्यांची पत्रं ज्या त्या ऑफिसला पाठवा.

मग आमदारांच्या ढिगातून सात-आठ निवडा. निवडताना माझी चाळणी सोपी आहे, ज्याचं उत्तर "हो, नक्की करू" असं देऊन सुटता येतं तो प्रश्न मागे ठेवा. "आमच्या रस्त्याचं काम कराल का?" याला हो म्हणणं सोपं. "हा रस्ता मागच्या वर्षी झाला, या पावसात उखडला, याची तपासणी कोण करतं आणि तुम्ही बघितला का?" याला काहीतरी खरं सांगावं लागतं. "तुम्हाला राजकारणात कसं यावंसं वाटलं" याऐवजी "तुमच्या पक्षाचं म्हणणं तुम्हाला पटलं नाही तर तुम्ही सभागृहात काय करता". हा तर भारी प्रश्न आहे, कारण १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप (कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश) मोडला तर आमदारकी जाऊ शकते, हे पोरांना बहुतेक माहीत नसतं आणि बरेच आमदार यावर मोकळेपणाने बोलतात. "मागच्या अधिवेशनात तुम्ही कुठले प्रश्न विचारले" हा पण ठेवा, त्यासाठी तारांकित म्हणजे मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो, अतारांकित म्हणजे लेखी उत्तर, आणि लक्षवेधी म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणं, एवढं पोरांना आधी माहीत हवं. समोरचे आमदार मंत्री असतील तर हा प्रश्न बदला कारण मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात.

कोणीतरी चिठ्ठीवर लिहिणारच, "तुमच्यावर केस आहे का" किंवा "तुमच्याकडे इतके पैसे कुठून आले". लगेच दटावू नका. उमेदवार अर्जासोबत प्रतिज्ञापत्र देतो, त्यात मालमत्ता, शिक्षण, गुन्ह्यांची माहिती असते आणि ते निवडणूक आयोगाच्या साइटवर कोणालाही वाचता येतं. मोठ्या पोरांना ते वर्गात वाचून दाखवा, म्हणजे कुजबुजीचा विषय माहितीचा होतो. मग भेटीत विचारायचंच असेल तर कागदावर जे आहे तेवढंच, सरळ, टोमणा न मारता. विचारू नये असं मी म्हणणार नाही पण तो प्रश्न पोराचा स्वतःचा आहे ना आणि मागून कोणी काका पढवत नाहीत ना, एवढं खात्री करून घ्या.

रंगीत तालीम एकदा कराच. एखाद्या शिक्षकाला आमदार करा आणि त्याला मुद्दाम सांगा की विषय सोडून बोल, उलटा प्रश्न विचार, "छान प्रश्न आहे बाळा" म्हणून पुढे जा. पोरांना "साहेब, पण माझा प्रश्न असा होता की..." हे एक वाक्य नम्रपणे म्हणायची सवय लागली की अर्धी लढाई जिंकली. साहेब, सर, ताई, मॅडम, काय म्हणायचं ते पण ठरवून टाका. गावाकडे सगळे भाऊ, दादा, अण्णा म्हणतात आणि पोरं पण तेच म्हणतात, चालतं, फक्त पाया पडायची रांग लावू नका, त्यात दहा मिनिटं जातात.

विधानभवनाच्या दिवशीचं वेगळं सांगतो. गॅलरीचे पास आमदारांच्या शिफारशीने निघतात, नावांची यादी आधी द्यावी लागते, त्यातलं स्पेलिंग आणि पोरांच्या ओळखपत्रावरचं नाव जुळलं पाहिजे नाहीतर गेटवर एक पोर अडकतं आणि त्याच्यासाठी एक मोठा माणूस बाहेर थांबतो. म्हणून एक जादा मोठा माणूस न्याच. लहान भावंडं आणू नका, दिल्लीत लोकसभेच्या गॅलरीत तर दहा वर्षांखालच्या मुलांना सोडतच नाहीत. मोबाइल, बॅगा, पाण्याच्या बाटल्या आत नेता येणार नाहीत असंच धरून चाला आणि जमेल तितकं सामान बसमधेच ठेवा. कुठल्याही पक्षाचं चिन्ह किंवा झेंडा असलेली टोपी, रुमाल, बिल्ला नको, युनिफॉर्म सगळ्यात बरा. आत जायच्या आधी सगळ्यांना टॉयलेटला पाठवा, "मला नाही लागली" म्हणणाऱ्याला आधी पाठवा.

मुंबईत विधानभवन नरिमन पॉइंटला आहे, चर्चगेट स्टेशनहून जवळ, आणि मंत्रालय पण तिथेच जवळ असल्यामुळे पोरांना दोन्ही एकच वाटतं. बसमधे सांगून टाका, मंत्रालयातून सरकार चालतं, विधानभवनात त्या सरकारला जाब विचारतात. नागपूरला हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते मोर्च्यांमुळे आणि बंदोबस्तामुळे कधीही बंद होतात, बस लांब थांबते आणि पुढे चालावं लागतं, त्यामुळे दीड तास हातात ठेवा. पण मोर्चा दिसला तर पोरांना खिडकीतून बघू दे, कोण आहेत आणि काय मागतायत ते फलकावर वाचू दे. आत जे चाललंय आणि बाहेर जे चाललंय ते एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत, आणि हे नागपूरइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

शक्यतो प्रश्नोत्तराच्या तासाचा पास मागा, तो दिवसाच्या कामकाजात सुरुवातीला असतो. गॅलरीत बोलायचं नाही, टाळ्या नाहीत, हात करायचा नाही, पुढे वाकून बघायचं नाही, आपले आमदार दिसले तरी हाक मारायची नाही. पोरांना दोन गोष्टींचा धक्का बसतो. एक म्हणजे रिकामी बाकं. त्यांना सांगा की गणपूर्तीला (कामकाजासाठी हजर लागणारे किमान सदस्य) एकूण सदस्यांचा दहावा भाग लागतो, म्हणजे विधानसभेत २९ जण असले तरी कामकाज चालू शकतं, आणि काही जण समितीच्या बैठकीत वगैरे असतात. काही नसतातही, ते पण सांगा, लपवू नका. दुसरं म्हणजे आरडाओरडा. वर्गात असं केलं तर आम्हाला बाहेर काढता, हे एक तरी पोर म्हणणारच. रागावू नका, परत आल्यावर त्यावर बोला, सभात्याग का करतात, वेलमधे (अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत) का उतरतात, त्याने काय साधतं आणि काय बुडतं. कामकाज सुरू होऊन पाच मिनिटांत तहकूब झालं तर दुसरा प्लॅन तयार हवा, इमारत बघायची परवानगी आधीच मागून ठेवा म्हणजे पोरं हिरमुसत नाहीत.

प्रत्यक्ष भेटीत पोरांना पुढे बसवा, मोठ्यांनी भिंतीला टेकून मागे. ओळख एका पोराने करून द्यायची, दोन वाक्यात. वेळ बघायला एक पोर ठेवा, शेवटची पाच मिनिटं उरली की त्याने सांगायचं, मोठ्यांनी नाही. आमदार बहुतेक वेळा "मोठेपणी कोण होणार" असं विचारत सुरुवात करतात आणि चार पोरांत दहा मिनिटं जातात, तेव्हा हसत हसत "साहेब, पोरं तुम्हाला विचारायला खूप काही घेऊन आलीत" एवढं म्हणायचा हक्क सोबतच्या मोठ्या माणसाचा आहे, तो वापरा. उत्तर न आवडल्यावर पोराच्या तोंडाकडे बघून आपण डोळे वटारणं, प्रश्न जरा तिखट झाला की "तसं नाही म्हणायचंय त्याला साहेब" म्हणून मधे पडणं, हे अजिबात नको. पोराने विचारलंय, आमदार वर्षानुवर्षं यापेक्षा तिखट ऐकत आलेत, त्यांना जमतं.

आणि शिक्षक मंडळींनो, तुमची जुनी पेन्शन, बदली, अनुदानाचा टप्पा हे सगळं खरंय, महत्त्वाचंय, पण त्या दिवशी ती फाइल घरी ठेवा. पोरं दाराबाहेर चपला घालेपर्यंत सर आत साहेबांना बाजूला घेऊन बोलतायत, हे पोरं बघतात आणि त्यातून काय शिकायचं ते शिकतात.

निघताना पोरांच्या मागण्या असतील तर त्या निवेदनात द्या, एका पानाचं, पोरांच्या भाषेत, आणि दोन प्रती. एक त्यांना, दुसरीवर सही-शिक्का आणि तारीख म्हणजे पोच. पोच नसलेलं निवेदन कुठे गेलं हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. पोच पोरांच्या हातात द्या, फाइल त्यांनाच करू दे.

परतीच्या बसमधे गाणी लावायच्या आधी पंधरा मिनिटं घ्या आणि कोणी काय उत्तर दिलं ते लगेच लिहून काढा, दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला वेगळं आठवतं. "बघतो", "करून टाकू", "अधिकाऱ्यांशी बोलतो" हे तिन्ही वेगळे शब्द आहेत, जसे बोलले तसेच लिहा. आठवड्यात आभाराचं पत्र पाठवा आणि त्यात "आपण असं म्हणालात" म्हणून तीच वाक्यं उतरवा. महिन्याने पीएंना एक फोन, तो पण पोरांनीच करायचा, स्पीकरवर, तुम्ही फक्त नंबर लावून द्या. उत्तर नाही आलं तर पोचेची तारीख टाकून स्मरणपत्र. पुढचं अधिवेशन लागलं की विधानमंडळाच्या साइटवर प्रश्नांच्या याद्या येतात, त्यात आपल्या आमदारांचं नाव शोधायचं काम दोन पोरांना वाटून द्या.